वसमतच्या ओसरीवरचं गलबत

वसमत हे हळदीचं गाव. हिंगोली जिल्ह्यात, आसना नदीच्या काठी, समुद्रापासून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर आत. शिमगा उलटला की शिवाराशिवारात हळद शिजते, वाळते, पॉलिश होते आणि मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात. २०२४ साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. या गावात आमच्या गल्लीतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक ओसरीवर बसून शिडाचं लाकडी गलबत बांधतात. आंग्र्यांच्या आरमारात असायचं तसं, एका फुटाला पाव इंच या मापानं, सांगाडा, फळ्या, डोलकाठ्या, दोर सगळ्यासकट.

त्यांची भाची मुंबईला जहाजबांधणीच्या कारखान्यात आराखडे काढते. ती सुट्टीला आली की या गलबतावरून मामा-भाचीचं जुंपतं. मी शेजारी, इतिहासाचा जुना वाचक, म्हणून चहाच्या निमित्तानं तिथंच असतो. हा वाद वसमतपुरता नाही असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रात जिथं जिथं मराठा आरमाराची मॉडेलं ठेवली जातात, तिथं तिथं तो व्हायला हवा. म्हणून दोघांना विचारून तो इथं मांडतो आहे.

भाची : मामा, हे गलबत किती फुटांचं धरलंत?

मामा : साठ. म्हणजे इथं पंधरा इंच.

भाची : साठ कुठून आले?

मामा : गलबत सत्तर टनांचं असायचं, असं ऑर्म लिहितो. त्यावरून बसवलं.

भाची : ऑर्मनं सत्तर टन म्हटलंय, साठ फूट नाही म्हटलं. मधला हिशेब कुठं आहे?

हा रॉबर्ट ऑर्म ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या लढायांवरचा त्याचा ग्रंथ १७६३ पासून छापून येऊ लागला. आंग्र्यांची जहाजं कशी होती याचं तपशीलवार वर्णन शोधायला निघालं की माणूस शेवटी त्याच्यापाशीच येतो. त्यांच्या जहाजांत मोठी ती गुराब, साधारण दोन डोलकाठ्यांची आणि दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची असली तर तीनशे टनांची. पाण्यात कमी बुडणारी, लांबीच्या मानानं रुंद. पुढचा भाग युरोपी जहाजासारखा गोल आणि उंच नाही, तर चोचीसारखा पुढं निघालेला. त्या चोचीच्या कडांना कठडा नाही, कारण समोरच्या लाटांत नाळ खाली बुडाली की वर आलेलं पाणी अडून न राहता निघून जायला हवं. गलबत याच घडणीचं, पण लहान, क्वचितच सत्तर टनांपुढं जाणारं. त्याला दोन काठ्या, मोठ्या काठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर बांधून ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, गुराबांच्या तोफा चालत आणि मग गलबतातली माणसं तलवारी उपसून शत्रूच्या जहाजावर चढत.

एवढं सगळं ऑर्म सांगतो, पण लांबी-रुंदीचा एकही आकडा देत नाही. आपल्याकडचा आधार म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५ च्या सुमाराचं. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा एक सुभा करावा. सागासारखं लाकूड परवानगीनं तोडावं, पण आंब्या-फणसाला हात लावू नये, ती झाडं रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात. राज्य कसं चालवावं याची इतकी बारीक जाण असलेल्या या ग्रंथातही गलबताची मापं मिळत नाहीत. मापं बांधणाऱ्यांच्या हातात होती आणि हातानंच पुढं गेली.

भाचीनं समोर पडलेली आडत्याची पट्टी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला.

भाची : हे बघा. त्या काळी इंग्रज जहाजाचे टन कसे काढायचे? कण्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले निम्मी रुंदी, भागिले ९४. सगळं फुटांत. आता रुंदी लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी धरली, तर सत्तर टनांना लांबी येते ४९ फूट. चौथा हिस्सा धरला तर साडेएकोणसाठ. पाचवा धरला तर ६९. सहावा धरला तर ७८. तुम्ही चौथा हिस्सा घेतलात आणि साठ लिहून टाकलंत. पण चौथाच कामून, हे कुठंच लिहिलेलं नाही.

मामा : डोळ्याला तो बरा दिसला. तीस वर्षं पोरांना प्रमाणबद्धता शिकवली मी.

भाची : डोळ्याला बरा दिसला ही चित्राची कसोटी झाली. जहाज पाण्यावर चालतं, मामा. आणि हे मॉडेल उद्या शाळेच्या कपाटात जाऊन बसलं की पोरं म्हणणार, आंग्र्यांचं गलबत साठ फुटांचं होतं. एकदा लाकडात बसलेला अंदाज पुढं कुणी तपासत नाही.

मामा : मग काय, बांधूच नये म्हणतेस?

भाची : बांधा ना. पण ज्याचे आराखडे आहेत ते बांधा. मुंबईच्या गोदीत १८१७ साली जमशेटजी बोमनजी वाडियांनी ‘ट्रिंकोमाली’ बांधली, मलबारच्या सागवानाची. तिचे आराखडे लंडनहून निघाले आणि ज्या जहाजावर होते ते अमेरिकनांबरोबरच्या लढाईत नष्ट झालं. पुन्हा नवे पाठवले, मगच काम सुरू झालं. ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. प्रत्येक कमानीचं माप मिळतं. आपल्याच कारागिरांचं काम आहे. ते सोडून धुक्यात कशाला शिरायचं?

मामा : कारागीर आपले, पण जहाज त्यांच्या नौदलाचं. त्याचं मॉडेल करणारे जगात पुष्कळ आहेत आणि ते चांगलंच करतात. गलबताचं कोण करणार? आराखडा नाही म्हणून सोडून द्यायचं ठरवलं, तर ज्याची जहाजं जळाली तो दोनदा हरला असं होईल.

मामांच्या या वाक्यामागचा प्रसंग ठाऊक नसलेल्या वाचकासाठी थोडं थांबतो. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनचं इंग्रजी आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर चालून आली. तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना खेटून उभी होती. त्यांच्यातच आंग्र्यांनी इंग्रजांकडून पकडलेलं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज होतं. त्याच्यावर गोळा पडला, आग लागली आणि पसरत पसरत तिनं सगळा काफिला खाल्ला. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. मराठ्यांच्या सर्वांत समर्थ आरमाराची राख व्हायला आपलाही हात लागला, हे मला आजही जड जातं. पुढं आनंदराव धुळपांनी विजयदुर्गावरून आरमार पुन्हा उभं केलं, पण बांधलेलं एकही लढाऊ गलबत आपल्यापर्यंत आलं नाही. आली ती वाघोटणच्या खाडीतली गिर्ये इथली खडकात खोदलेली गोदी, साधारण ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. आता गाळानं भरलेली. ती पाहिली की एवढं कळतं की इथं मोठी जहाजं येत होती. ती कशी दिसत होती, हे ती सांगत नाही.

भाची : हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नाही, मामा. तुमच्या सांगाड्यात डाव्या-उजव्या कमानी एक सोळांश इंचानं जुळत नाहीत. खऱ्या जहाजावर तो तीन इंचांचा फरक झाला. मी तुम्हाला संगणकावर काढलेल्या कमानी प्लायमध्ये लेझरनं कापून पाठवल्या होत्या. त्या माळ्यावर पडल्यात.

मामा : पडल्यात खऱ्या. तू पाठवलेल्या कमानी बिनचूक आहेत, पण त्याही माझ्या साठ फुटांच्याच मापाच्या आहेत. त्या चिकटवल्या असत्या तर प्रश्नच पडला नसता. हातानं करायलो म्हणून अडलो. ये इकडं, दाखवतो.

इथून वादानं वेगळं वळण घेतलं, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

मामांनी पुठ्ठ्याची माणसं कापली होती. सव्वापाच-साडेपाच फुटांचा माणूस या मापात सव्वा-दीड इंचांचा होतो. वल्हं मारायच्या पवित्र्यात, पाय पुढं रोवून बसलेली ही माणसं त्यांनी काठाकाठानं मांडली होती. एका वल्हेकऱ्यानं मागं रेलून वल्हं ओढलं तर मागच्याच्या छातीला लागू नये, एवढी जागा सोडून. भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांत दोन वल्ह्यांमध्ये साधारण तीन ते चार फूट अंतर असायचं. मामांनी कमीत कमी, म्हणजे तीन फूट, धरलं होतं. मॉडेलवर पाऊण इंच.

मामा : चाळीस वल्ही म्हणजे एका बाजूला वीस. वीस गुणिले पाऊण, पंधरा इंच. माझं गलबतच पंधरा इंच आहे. म्हणजे माणसं नाळेपासून सुकाणूपर्यंत ठासून बसली. डोलकाठीचे दोर बांधायला जागा नाही, तोफेला नाही, सुकाणूवाल्याला उभं राहायला नाही. आता सांग, तुझ्या ४९ फुटांत ही कुठं बसणार?

भाची बराच वेळ माणसं मोजत राहिली. मग म्हणाली.

भाची : नाही बसत. ४९ गेलं. तुमचं साठही गेलं. ६९ मध्ये वीस बसतात आणि टोकाला थोडी जागा राहते, शिवाय चोच कण्याच्या पुढं आहे. पन्नास वल्ह्यांना मात्र ७५ फूट नुसते वल्हेकऱ्यांनाच लागतील. ते ७८ मध्येच मावेल आणि तेव्हा रुंदी तेराच फूट होईल.

मामा : ऑर्म तर म्हणतो लांबीच्या मानानं रुंद.

भाची : म्हणजे एक तर त्याचे टन कमी आहेत, नाही तर पन्नास वल्ही जास्त आहेत, नाही तर पन्नास वल्ह्यांची गलबतं वेगळ्या घडणीची होती. मामा, हे मात्र खरं काम केलंत. हे मला संगणकावर सुचलं नसतं, कारण संगणकावर मी माणसं बसवतच नाही.

मी मध्येच बोललो. इतिहासाच्या पुस्तकात सत्तर टन आणि चाळीस-पन्नास वल्ही ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर असतात आणि आपण ती खुशाल वाचून पुढं जातो. ती दोन्ही एकाच जहाजात मावतात का, हा प्रश्न वाचताना पडत नाही. तो पडला तो पुठ्ठ्याच्या माणसांना जागा पुरेना तेव्हा. हातानं मॉडेल बांधण्याचं मोल मला इथं दिसतं. सुबकपणा, चिकाटी, जुन्याची आवड हे सगळं ठीक आहे, पण कागदानं झाकलेली अडचण लाकूड उघडी पाडतं, हे सगळ्यांत महत्त्वाचं.

भाचीला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तेरा फूट रुंदीचं अरुंद गलबत एवढ्या मोठ्या शिडाखाली तग धरेल का, हे तिला पाहायचं होतं.

मामा : शेततळ्यात सोडू की शीड लावून.

भाची : शीड लावून सोडलंत तर काहीच कळणार नाही. माप ४८ पट लहान केलं की शिडाचं क्षेत्रफळ ४८ च्या वर्गानं घटतं, जहाजाचं वजन ४८ च्या घनानं घटतं. वारा मात्र तोच. खऱ्या गलबताला जी झुळूक जरासं कलवील ती याला पालथं घालील. म्हणून विल्यम फ्रूडनं १८७२ च्या सुमाराला इंग्लंडात टॉर्कीला लांब हौद बांधला आणि मॉडेलवरून खऱ्या जहाजाचं गणित कसं काढायचं त्याचे नियम बसवले. आपण वारा वगळू. फक्त तोल बघू.

पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे दोन ठोकळे मामांनी कोरले, एक ६९ फुटांचा, एक ७८ चा. ते तरंगत ठेवायला घरातलं पितळी घंगाळं अंगणात आलं. भरलेलं गलबत शंभर टनांचं धरलं, तर मॉडेल पाण्यात नऊशे ग्रॅमचं हवं. तेवढं होईपर्यंत तळाशी शिशाचे तुकडे बसवले. मग ठोकळ्याच्या मधोमध एक काडी उभी करून तिला दोरा आणि छोटा ओळंबा टांगला, खाली आखीव कागद.

भाची : शत्रूच्या जहाजाला भिडताना सगळी माणसं एकाच काठावर येणार. शंभर माणसं म्हणजे सहा टन. ४८ च्या घनानं भागलं की चोपन्न ग्रॅम. तराजूचं पन्नास ग्रॅमचं वजन आहे ना?

वजन मधून काठावर सरकवलं. ठोकळा कलला, ओळंब्याचा दोरा कागदावर सरकून थांबला. दुसऱ्या ठोकळ्यावर तेच. मामांची खात्री होती की अरुंद ठोकळा आडवा होईल. तसं झालं नाही. दोन्ही दोरे जवळपास एकाच रेषेशी थांबले.

भाची : बरोबर आहे. रुंदीतला फरक एका फुटाहूनही कमी, आणि जी रुंदी गेली ती लांबीनं भरून काढली. तोलावरून अरुंद गलबत बाद होत नाही. पण शिसं तळाशी आपण ठेवलंय, हे विसरू नका. आकाराचा हिस्सा खरा, वजनाचा हिस्सा आपल्या मनचा.

मामा : म्हणजे निकाल काय?

भाची : निकाल असा की चाळीस वल्ह्यांचं, ६९ फुटांचं, पावणेचौदा फूट रुंदीचं गलबत ऑर्मच्या वर्णनाला धरून उभं राहतं. पन्नास वल्ह्यांचं राहायचं तर ऑर्मचं एखादं वाक्य सोडावं लागतं.

मामांनी जुना सांगाडा मोडला. फळ्या सुट्या करून ठेवल्या आणि नव्या मापाच्या कमानी कापायला घेतल्या. या खेपेला भाचीनं कापून आणलेला पुठ्ठ्याचा साचा वापरला, कमानी मात्र पटाशी आणि कानशीनंच घडवल्या. फळ्यांसाठी आरामशीनवरचे सागाचे तुकडे चिरून दीड-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या काढतात. त्या गरम पाण्यात भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवायच्या. घाई केली की पट्टी बाहेरच्या अंगानं चिरते. नाळेकडं प्रत्येक पट्टी निमुळती करावी लागते, नाही तर पुढं दाटी होते. बैलगाड्या बनवणारे इथले एक जुने मिस्त्री कधी तरी येऊन बसतात आणि पट्टीची शीर कोणत्या बाजूला ठेवायची ते सांगतात. मामा त्यांचं ऐकतात.

पुढचा वाद बांबूवरून झाला. गलबताची डेक मामांनी बांबूच्या कामट्यांची केली होती, बुरुडाकडून तासून आणलेल्या, दिसायला फार देखणी.

भाची : ही काढावी लागेल.

मामा : कामून? ऑर्मनंच लिहिलंय, चिरलेल्या बांबूची डेक.

भाची : लहान गलबतांना. ती वजनाला हलकी ठेवायची म्हणून. त्यांच्यावर फिरत्या खिळीवरच्या छोट्या तोफा तेवढ्या असायच्या. मोठ्या गलबतांना पक्की डेक आणि दोन ते चार रतली गोळ्यांच्या सहा-आठ तोफा. तुम्ही सत्तर टनांचं गलबत घेतलंत, आठ तोफा मांडल्यात आणि डेक मात्र लहान गलबताची. तोफ मागं सरकली की कामट्या मोडतील.

मामांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. पण त्यांनी कामट्या काढल्या. दोन जहाजांचे देखणे भाग एकत्र करून तिसरं कधीच नसलेलं जहाज तयार होतं. आपल्याकडच्या अनेक चित्रांत आणि देखाव्यांत हेच होतं. युरोपी गॅलियनचा उंच मागचा भाग, दोन्ही बाजूंना तोफांच्या खिडक्यांच्या रांगा, वर भगवा. शिवरायांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार उभं करायला घेतलं, तेव्हा पोर्तुगीज कारागीरही कामाला होते हे खरं. पण आपल्या आरमाराची ताकद उथळ खाडीत शिरणाऱ्या, वाऱ्याशिवाय चालणाऱ्या लहान-मध्यम जहाजांत होती. १६६५ च्या बसरूर मोहिमेला मालवणातून निघालेल्या काफिल्यात तीन मोठी जहाजं आणि पंच्याऐंशी लहान होती, असं इंग्रजांच्या कारवारच्या वखारीनं नोंदवलं आहे. ही लहान जहाजं गाळून मोठं गॅलियन रंगवणं म्हणजे या आरमाराची बुद्धीच झाकणं.

दोरांच्या बाबतीत मात्र भाचीनं मामांपुढं हात टेकले. बाजारातला पॉलिस्टरचा दोरा गुळगुळीत, चमकणारा असतो आणि जाडीही एकच. जहाजावर प्रत्येक दोराची जाडी त्याच्या कामाप्रमाणं. डोलकाठी तोलणारे जाड, शीड वर चढवणारा त्याहून जाड कारण त्या एका लांबलचक तिरक्या काठीचं सगळं ओझं त्याच्यावर, शिडाचं टोक ओढणारे बारीक. मामा सुती धाग्यापासून स्वतः दोर वळतात. तीन पदर, प्रत्येकाला एका दिशेनं पीळ, मग तिघांना मिळून उलट्या दिशेनं. दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत. अंबाडीचं दावं वळताना मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं हेच केलं आहे. वळलेला दोर मेणावरून ओढला की त्याचे तंतू बसतात.

भाची : कोकणात दोर काथ्याचे असायचे. नारळाच्या काथ्याचा खरा धागा का नाही वापरत?

मामा : बघितला वापरून. काथ्याचा एक तंतू या मापात काठीएवढा जाड दिसतो. लहान करताना खरी वस्तू खोटी दिसते, म्हणून सूत घेतलं आणि रंगवलं. शिवाय एवढासा दोर स्वतःच्या वजनानं झोल घेत नाही, ताठ राहतो. त्याला पाण्यात पातळ केलेला गोंद लावून हातानं झोल द्यावा लागतो.

भाची : म्हणजे इथं तुम्ही बनाव करताय.

मामा : करतोय. डोळ्याला खरं दिसावं म्हणून. तेही लिहून ठेवू.

गल्लीतले लोक येता-जाता विचारतात की समुद्र न पाहिलेल्या गावाला गलबत कशाला. मामा त्यांना अजिंठ्याचं नाव सांगतात. मराठवाड्याच्याच डोंगरात, पाचव्या शतकातल्या चित्रात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा, ही पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-ग्रंथातली नोंद आहे. १२६५ च्या सुमाराला देवगिरीच्या महादेव यादवानं कोकणच्या शिलाहार सोमेश्वराला समुद्रावर गाठून बुडवलं. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, ती याच युद्धाशी जोडली जाते. देवगिरीहून निघालेलं सैन्य समुद्रात लढलं, तर वसमतच्या ओसरीवर गलबत का नको, असं मामा विचारतात. मला हे पूर्ण पटतं.

शेवटी दोघं ‘कौंडिण्य’वर आले. अजिंठ्यातल्या चित्रावरून बेतलेलं हे शिडाचं जहाज गोव्यात बांधलं गेलं. केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी फळ्या खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीनं शिवल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं.

मामा : त्याचा कुठं आराखडा होता? भिंतीवरचं एक चित्र होतं. तरी बांधलंच ना?

भाची : बांधलं, पण आधी आयआयटी मद्रासमध्ये त्याचं मॉडेल पाण्यात तपासलं, मग खोल समुद्रात नेलं. आणि ते अंदाजानं उभं केलंय हे कुणी लपवलं नाही. अंदाज करायला माझी हरकत नाही, मामा. अंदाज लपवायला आहे.

त्यानंतरचा प्रश्न गलबताखालच्या लाकडी बैठकीवर काय कोरायचं. मामांच्या मनात होतं ‘सरखेल कान्होजी आंग्रे यांचे गलबत’. भाचीनं ते मोडून काढलं. कान्होजी १७२९ मध्ये वारले, ऑर्मचं वर्णन १७५० च्या दशकातल्या मोहिमांचं, म्हणजे तुळाजींच्या काळचं. तीन दशकांत जहाजं बदलू शकतात. मामा दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी पाटी स्वतःच लिहिली. एका बाजूला ‘नोंदीवरून’ : दोन डोलकाठ्या, तिकोनी शीड, सत्तर टन, चाळीस वल्ही, पुढची उघडी चोच, पक्की डेक, तोफांची संख्या. दुसऱ्या बाजूला ‘अंदाजानं’ : लांबी, रुंदी, वल्ह्यांतलं अंतर, दोरांची बांधणी, सुकाणूचा आकार, रंग. खाली, ‘दोर सुती, झोल गोंदानं दिलेला’.

मामांनी हट्टानं बांधलं नसतं तर चाळीस वल्ह्यांचा प्रश्न उठलाच नसता. भाचीनं हट्टानं अडवलं नसतं तर साठ फुटांचं, बांबूच्या डेकचं, आठ तोफांचं गलबत एखाद्या कपाटात जाऊन बसलं असतं आणि पुढच्या पिढीनं ते खरं मानलं असतं. तरीही कुणाचं पारडं जड असं विचाराल तर मी मामांच्या बाजूला आहे. आराखडा मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं तर गलबताच्या बाबतीत कायमचं थांबावं लागेल. म्हणून बांधावं, मात्र भाचीच्या आग्रहातून आलेली पाटी लावल्याशिवाय नव्हे.

म्हणून शाळांच्या मुख्याध्यापकांना, किल्ल्यांवर आणि गावोगावी आरमाराचे देखावे मांडणाऱ्या मंडळांना आणि घरी हातानं जहाजं बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुमच्याकडच्या मराठा जहाजाच्या मॉडेलखाली ही दोन रकान्यांची पाटी लावा, नोंदीवरून काय आणि अंदाजानं काय. पाटीला एक फळी आणि एक दुपार लागते. आणि मॉडेल अजून बांधायचं असेल, तर आधी पुठ्ठ्याची माणसं कापून आत बसवून बघा.